२२ मॅच जिंकून घरी, १८ जिंकून आत: अमेरिकन कॉलेज हॉकीत टीम निवडतात तरी कशा

"मामा, आम्ही २२ मॅच जिंकलो आणि बाहेर, ती १८ वाली टीम आत, ह्याला काय अर्थ आहे?"

सोमवारी सकाळी चहा घेताना भाच्याचा मेसेज. तिकडे अमेरिकेत अजून रविवारची रात्र, मार्च महिना, एनसीएएच्या (म्हणजे कॉलेजांच्या खेळांची तिकडची संघटना) टूर्नामेंटच्या टीम नुकत्याच जाहीर झालेल्या. मुलगा मूळचा सांगलीचा, तिथल्या एका लहानशा कॉलेजात शिकायला गेलाय, दीड वर्षापूर्वी त्याला पक म्हणजे काय हे पण माहीत नव्हतं (ती काळी रबराची चकती हो, बॉलच्या जागी असते), आणि आता साहेब कॉलेजच्या टीमसाठी रात्री झोपत नाहीत. मी पूर्वी काही वर्षं मिनेसोटात नोकरीला होतो, तिथे हिवाळ्यात बाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे ह्या हॉकीचा आणि खरं सांगायचं तर हॉकीपेक्षा तिच्या गणिताचा मला नाद लागला. भाच्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय.

आधी एक खुलासा, हॉकी म्हटलं की आपल्या डोक्यात ध्यानचंद आणि टर्फ येतं, पण तिकडे नुसतं हॉकी म्हटलं की आइस हॉकीच. आणि कॉलेजच्या वरच्या दर्जाच्या पुरुष हॉकीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, ६० च्या वर टीम आहेत, त्या सहा कॉन्फरन्समध्ये वाटलेल्या: हॉकी ईस्ट, ईसीएसी, बिग टेन, एनसीएचसी, सीसीएचए आणि अटलांटिक हॉकी अमेरिका. कॉन्फरन्स म्हणजे साधारण आपला झोन समजा, फक्त झोन नकाशावरून पडतो आणि कॉन्फरन्स ही कॉलेजांनी आपापसात केलेली सोयरीक असते, मोडते पण, जुळते पण. शिवाय कोणत्याच कॉन्फरन्समध्ये नसलेल्या दोन-चार सुट्ट्या टीम असतात, त्यांचं दुःख वेगळंच, त्याकडे येतो नंतर.

सीझनच्या शेवटी ह्यातल्या १६ टीम नॅशनल टूर्नामेंटला जातात. हा आकडा २००३ पासून १६ आहे, त्याआधी १२ होता, आणि १९४८ साली पहिली टूर्नामेंट झाली तेव्हा फक्त चार टीम होत्या. १६ पैकी सहा जागा ठरलेल्या, कॉन्फरन्सची स्वतःची टूर्नामेंट जो जिंकेल तो सरळ आत, मग त्याचा सीझन कितीही भिकार गेलेला असू दे. त्याला ऑटो-बिड म्हणतात. उरलेल्या दहा जागा ॲट-लार्ज, म्हणजे खुल्या. सगळी मारामारी ह्या दहा जागांची.

आता बास्केटबॉलमध्ये काय असतं, एका हॉटेलात कमिटी बसते, चर्चा होते, कोणाचा फॉर्म चांगला, कोणाचा मुख्य प्लेअर जखमी, कोणी कोणाला हरवलं, आणि मग रविवारी यादी बाहेर पडते आणि आठवडाभर टीव्हीवर भांडणं. हॉकीवाल्यांनी हे सगळं जवळपास बंद करून टाकलंय. एक फॉर्म्युला आहे, तो उघड आहे, कोणीही घरी बसून एक्सेलमध्ये मांडू शकतो, आणि त्यातून जी रँकिंग येते त्यातल्या वरच्या टीम आत. कमिटी आहे, पण टीम निवडण्यात तिला मन नावाची गोष्टच ठेवलेली नाही. त्यामुळे यादी जाहीर होण्याआधीच पक्क्या फॅन लोकांना सोळाच्या सोळा नावं माहीत असतात. मला स्वतःला ही पद्धत आवडते, वशिला नाही, चेहरा बघून निर्णय नाही. पण फॉर्म्युला प्रामाणिक असणं आणि निकाल न्याय्य असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाच्याचा राग नेमका त्या दोघांच्या मधल्या फटीत आहे.

सरळ जिंकलेल्या मॅच का मोजत नाहीत, हे आधी बघू. एका टीमला रेग्युलर सीझनला बरीच वर्षं ३४ मॅचची मर्यादा आहे, आयव्ही लीगवाल्या येल, हार्वर्ड वगैरे टीमना तर २९ च. टीम ६० च्या वर. म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हटलं तरी जमत नाही. ३४ पैकी २२ ते २६ मॅच तर स्वतःच्या कॉन्फरन्समध्येच जातात. आपल्या आयपीएलमध्ये फक्त दहा टीम आहेत तरी १४ मॅचमध्ये पाच जणांशी दोनदा आणि चार जणांशी एकदाच खेळायला मिळतं, आणि त्यावरून पण लोक कुरकुर करतात की अमक्याला सोपा ग्रुप आला. इथे तर अर्ध्याहून जास्त टीमचं तोंड पण बघितलेलं नसतं.

कॉन्फरन्सच्या आत पण सगळीकडे सारखं नाही. ईसीएसीमध्ये १२ टीम, ११ प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी एक घरी एक बाहेर, २२ मॅच, हिशोब चोख. बिग टेनमध्ये सात टीम, सहा प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी चार वेळा, २४, हे पण चोख. आणि हॉकी ईस्टमध्ये ११ टीम आणि मॅच २४, आता २४ ला १० ने भागून दाखवा. कोणाशी तरी जास्त वेळा खेळावंच लागणार, आणि तो 'कोणीतरी' त्या वर्षीचा दादा निघाला की तुमचं नशीब. बॉस्टनमध्ये तर अजून एक गंमत, फेब्रुवारीत बीनपॉट नावाची चार कॉलेजची जुनी टूर्नामेंट असते, त्यात बॉस्टन युनिव्हर्सिटी आणि बॉस्टन कॉलेज समोरासमोर आले तर दोघंही हॉकी ईस्टचेच असून ती मॅच हॉकी ईस्टच्या टेबलात धरत नाहीत, पण नॅशनल रँकिंगमध्ये मात्र ती पूर्ण धरली जाते.

तर मग नुसत्या विजयांना अर्थ नाही, कोणाला हरवलंत ते बघायला हवं. सीईटीचा पेपर वेगवेगळ्या शिफ्टला असतो, एका शिफ्टला अवघड आला म्हणून मार्क सरळ न धरता पर्सेंटाइल काढतात ना, तसंच काहीसं. ह्यासाठी हॉकीत बरीच वर्षं आरपीआय नावाचा आकडा वापरला. त्यात तीन भाग. तुमची स्वतःची जिंकण्याची टक्केवारी, तिला वजन २५ टक्के. तुमच्या प्रतिस्पर्ध्यांची टक्केवारी, वजन २१. आणि तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची टक्केवारी, वजन ५४. हो, बरोबर वाचलंत, सगळ्यात जास्त वजन त्या टीमना ज्यांच्याशी तुम्ही खेळलाच नसाल कदाचित. जावयाच्या चुलत सासऱ्याचा पगार बघून लग्न ठरवण्यासारखं वाटतं, पण त्यामागे तर्क आहे. प्रतिस्पर्ध्याची टक्केवारी नुसती बघितली तर तो पण कच्च्या टीमना हरवून फुगलेला असू शकतो, म्हणून अजून एक पायरी खाली जाऊन बघायचं.

आकडे घालून बघू, म्हणजे भाच्याची शंका फिटेल. समजा एक टीम ७० टक्के मॅच जिंकली, पण तिचे प्रतिस्पर्धी ४५ टक्केवाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ४९ टक्केवाले. ०.२५ गुणिले ०.७० म्हणजे ०.१७५, अधिक ०.२१ गुणिले ०.४५ म्हणजे ०.०९४५, अधिक ०.५४ गुणिले ०.४९ म्हणजे ०.२६४६. बेरीज ०.५३४१. दुसरी टीम फक्त ६० टक्के जिंकली, पण प्रतिस्पर्धी ५५ वाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ५१ वाले. ०.१५ अधिक ०.११५५ अधिक ०.२७५४, बेरीज ०.५४०९. दुसरी टीम वर. झालं, १८ वाली आत आणि २२ वाली बाहेर.

आता ह्या फॉर्म्युल्याची एक भन्नाट खोड सांगतो. समजा तुमचा आरपीआय ०.५८ आहे, म्हणजे चांगलाच आहे, आणि तुम्ही तळाच्या एका टीमशी खेळलात जी फक्त १५ टक्के मॅच जिंकलेली आहे आणि जिचे प्रतिस्पर्धी ४८ टक्केवाले. तुम्ही तिला ९-० ने हरवलंत. त्या एका मॅचचा हिशोब: जिंकल्याचे ०.२५, अधिक ०.०३१५, अधिक ०.२५९२, एकूण ०.५४०७. तुमची सरासरी ०.५८ आणि त्यात ही ०.५४०७ वाली मॅच मिसळली, सरासरी खाली! मॅच जिंकून नंबर घसरला. जिंकण्याची शिक्षा. हे इतकं वेडगळ होतं की शेवटी नियमच करावा लागला की ज्या विजयाने आरपीआय कमी होतो तो विजय हिशोबातून काढून टाकायचा. म्हणजे ती मॅच झाली, गोल झाले, पोरांनी दात पाडून घेतले, पण गणितात ती झालीच नाही.

आरपीआय हा पाया, त्यावरची इमारत म्हणजे पेअरवाइज, पुरुषांच्या हॉकीत २०२४-२५ पर्यंत हीच चालली. नावातच आहे, जोडी-जोडीने तुलना. ६४ टीम धरल्या तर जोड्या होतात २०१६, आणि ह्या प्रत्येक जोडीची कुस्ती कागदावर लावायची. आरपीआय जास्त असेल त्याला एक पॉइंट, दोघं ज्या सामाईक टीमशी खेळले त्यांच्याविरुद्ध कोण भारी त्याला एक पॉइंट, आणि एकमेकांविरुद्ध जिंकलेल्या प्रत्येक मॅचला एकेक. ज्याचे पॉइंट जास्त त्याने ती जोडी जिंकली, बरोबरी झाली तर आरपीआयवाला जिंकला. जेवढ्या जोड्या जिंकल्या त्यावर रँकिंग.

पूर्वी ह्यात चौथा एक निकष पण होता, 'विचाराधीन टीम'विरुद्धचा रेकॉर्ड, म्हणजे ज्यांचा आरपीआय ०.५०० किंवा वर आहे त्यांच्याविरुद्ध तुम्ही कसे खेळलात. ऐकायला ठीक, पण व्हायचं काय की एखादी टीम ०.५००१ वर असायची, तुम्ही तिला ऑक्टोबरमध्ये दोनदा हरवलेलं, आणि मार्चमध्ये ती दुसऱ्याच कोणाशी हरून ०.४९९९ वर आली की तुमचे दोन चांगले विजय रातोरात गायब. तुम्ही घरी झोपलेले आणि रँकिंगमध्ये चार नंबर खाली. तो निकष २०१३-१४ च्या सीझनपासून काढला ते बरंच झालं. त्याऐवजी वरच्या वीस टीमना हरवलं तर बोनस आला, आणि तो पायरीपायरीने कमी होतो, पहिल्या नंबरवाल्याला हरवलं तर जास्त, विसाव्याला हरवलं तर चिमूटभर. कड्याच्या जागी उतार केला, एवढंच.

आता खरा मुद्दा, जो भाच्याला समजवायला मला अर्धा तास लागला. कॉन्फरन्सच्या आत खेळलेल्या मॅचमध्ये एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतोच, म्हणजे आतल्या मॅचची कॉन्फरन्सची सरासरी कायम ५० टक्के. भिशीसारखं आहे हे, दहा जणींनी पैसे घातले, आज हिला मिळाले उद्या तिला, पण एकूण पैसा वाढत नाही. पैसा वाढवायचा तर बाहेरून आणायला लागतो, म्हणजे दुसऱ्या कॉन्फरन्सच्या टीमना हरवायला लागतं. आणि ह्या बाहेरच्या मॅच एका टीमच्या वाट्याला जेमतेम आठ-दहा, त्यातल्या बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उरकतात. नवीन वर्ष लागलं की बीनपॉटसारखे अपवाद सोडले तर सगळे आपापल्या घरात भिशी खेळत बसतात. म्हणजे डिसेंबरअखेर ठरून जातं की ह्या वर्षी कोणाच्या भिशीत किती पैसा आहे. एखाद्या कॉन्फरन्सने बाहेर मार खाल्ला असेल तर जानेवारी ते मार्च तिथल्या टीमनी एकमेकांना कितीही तुडवलं तरी वाटायला मुळात कमीच आहे. भाच्याची टीम फेब्रुवारीत ओळीने जिंकत होती, पोरं नाचत होती, आणि रँकिंग ढिम्म हलत नव्हती, ती ह्यामुळे. शेजारच्या टीमने ऑक्टोबरमध्ये बाहेर जाऊन माती खाल्ली त्याचं बिल ह्यांनी मार्चमध्ये भरलं.

ह्या बाहेरच्या मॅच किती महत्त्वाच्या हे कोव्हिडच्या वर्षी उघडं पडलं. २०२०-२१ मध्ये बहुतेक कॉन्फरन्सनी बाहेर खेळणंच बंद केलं होतं, एनसीएचसीने तर सुरुवातीला सगळ्या टीम ओमाहामध्ये एका जागी आणून मॅच उरकल्या, आयव्ही लीगने सीझनच रद्द केला. आता कॉन्फरन्सच्या मध्ये पूलच नाही तर इकडच्या टीमची तिकडच्याशी तुलना करणार कशी? पेअरवाइज आंधळं झालं. तिथे मग कमिटीला बसून, आपापसात बोलून, टीम निवडाव्या लागल्या. एवढा गर्वाने मिरवलेला फॉर्म्युला, आणि त्याची सगळी हुशारी त्या आठ-दहा मॅचवर उभी होती.

(त्या वर्षीचं अजून एक. फार्गोमध्ये मिशिगनच्या टीममध्ये कोव्हिड निघाला म्हणून ते बाहेर पडले आणि मिनेसोटा दुलुथ न खेळताच पुढच्या फेरीत. समोर देशातली एक नंबरची नॉर्थ डकोटा, जी आदल्याच दिवशी मॅच खेळून आलेली. ती लढत पाच ओव्हरटाइम चालली, १४२ मिनिटं १३ सेकंद, टूर्नामेंटच्या इतिहासातली सगळ्यात लांब मॅच, आणि दुलुथने ३-२ ने जिंकली. ताजे पाय असण्याचा फायदा किती झाला देव जाणे, पण नॉर्थ डकोटावाल्यांना मी हा विषय काढलेला आवडत नाही.)

बरं, बाहेरच्या मॅच महत्त्वाच्या तर मग जास्त खेळा, चांगल्यांशी खेळा, असं म्हणाल. पण तिथेच खरी भानगड. मोठ्या कॉलेजांकडे मोठे रिंक, तिकिटं विकली जातात, ते म्हणतात तुम्ही या आमच्याकडे, आम्ही येणार नाही. लहान कॉलेज गरजू, पैसे पण मिळतात आणि तगड्या टीमशी खेळायची संधी पण, म्हणून ऑक्टोबरमध्ये बसमध्ये बॅगा टाकून दहा-दहा तास प्रवास करून जातात, शुक्रवार-शनिवार दोन मॅच, दोन्ही परक्या बर्फावर, प्रेक्षक विरोधात. त्यात शेवटचा बदल करायचा हक्क यजमानाला असतो, म्हणजे तुम्ही कोणते प्लेअर उतरवलेत ते बघून मग ते आपले उतरवतात, लहान गोष्ट वाटते पण नाहीये. मग मोठ्यांचा रेकॉर्ड फुगतो, लहानांची कॉन्फरन्स तळाला, आणि मग तेच मोठे म्हणतात बघा, तुमचं शेड्यूल किती कच्चं आहे.

ह्यावर उतारा म्हणून त्याच २०१३-१४ पासून घर-बाहेरचं वजन आणलं. बाहेर जिंकलात तर तो विजय १.२ धरायचा, घरी जिंकलात तर ०.८. उलट घरी हरलात तर ती हार १.२ आणि बाहेर हरलात तर ०.८. परिणाम बघा, बाहेर जाऊन शुक्रवारी जिंकलात शनिवारी हरलात, तर १.२ भागिले २, तुमची टक्केवारी ६०. आणि घरी बसून तेच केलेल्या यजमानाची ४०. नुसती कागदावर बरोबरी पण वजनात फरक. आता मोठ्यांना प्रश्न पडतो की घरी बोलावलेल्या लहान टीमशी एक जरी मॅच गेली तर महागात पडेल. मला हा नियम ह्या सगळ्या पसाऱ्यातला सगळ्यात शहाणा वाटतो. तरी बसचे दहा तास कोणत्या वजनात बसवणार, ते नाहीच बसत.

सगळ्यात टोकाची अडचण अलास्कावाल्यांची. तिथे दोन टीम आहेत, फेअरबँक्स आणि अँकरेज, आणि त्यांच्याकडे खेळायला कोणी येईना कारण विमानाचा खर्च आणि आठवडा वाया. म्हणून एक जुनी सवलत आहे की अलास्कात जाऊन खेळलेल्या मॅच ३४ च्या मर्यादेत धरत नाहीत. म्हणजे या, तुम्हाला जादा मॅच मिळतील. आमिषच आहे सरळ. २०२१ मध्ये सात कॉलेजं एकत्र बाहेर पडली, त्यांची जुनी कॉन्फरन्स डब्ल्यूसीएचए मोडली, नवीन सीसीएचए उभी राहिली, आणि अलास्काच्या दोघी टीम बाहेरच राहिल्या, बिनकॉन्फरन्सच्या. आता बिनकॉन्फरन्सचं म्हणजे ऑटो-बिडची खिडकी बंद, आणि जानेवारीनंतर सगळे आपापल्या भिशीत मग्न असताना खेळायला कोणी सापडत नाही. तरी जमवणारे असतात. वाळवंटातल्या ॲरिझोना स्टेटने २०१९ मध्ये सुट्टी टीम म्हणून ॲट-लार्ज जागा मिळवली, १९९२ मध्ये अँकरेजला मिळाली होती त्यानंतर पहिल्यांदाच. ह्याच ॲरिझोनावाल्यांनी कोव्हिडच्या वर्षी बिग टेनच्या टीमशी मॅच खेळल्या, सगळ्याच्या सगळ्या परक्या रिंकवर, घरी एक पण नाही. आता ते एनसीएचसीमध्ये आहेत, सुटले बिचारे.

शेवटच्या वीकेंडला काय होतं त्यासाठी २०१३ चं येल बघा. येलने ईसीएसीच्या शेवटच्या वीकेंडला दोन मॅच खेळल्या आणि दोन्ही हरल्या, सेमीफायनलला युनियनशी ५-० आणि तिसऱ्या नंबरसाठी क्विनिपियाकशी ३-०. म्हणजे दोन दिवसांत एक गोल पण नाही. टीम काठावर. आणि रविवारी त्यांचं भवितव्य कुठे ठरत होतं, तर डेट्रॉइटमध्ये, जिथे तेव्हाच्या जुन्या सीसीएचएची फायनल मिशिगन विरुद्ध नोट्रे डेम चालू होती. मिशिगनची रँकिंग खाली होती, पण जिंकले असते तर ऑटो-बिडवर आत आले असते आणि ॲट-लार्जमधली शेवटची टीम बाहेर ढकलली गेली असती. ह्याला तिकडे जागा चोरणं म्हणतात. नोट्रे डेमने ३-१ ने जिंकली. मिशिगनची सलग २२ वर्षांची टूर्नामेंटची परंपरा तिथे तुटली आणि येल आत, शेवटच्या ॲट-लार्ज जागेवर. मग ह्या येलने मिनेसोटाला ओव्हरटाइमच्या नवव्या सेकंदाला हरवलं, नॉर्थ डकोटाला हरवलं, मॅसॅच्युसेट्स लोवेलला हरवलं, आणि फायनलला पिट्सबर्गमध्ये समोर परत क्विनिपियाक, देशात एक नंबर, जे त्याच सीझनला येलला तीनदा हरवून बसले होते. येल ४-०. चॅम्पियन. आता सांगा ती पंधरावी-सोळावी जागा नेमकी लागणं किती महत्त्वाचं, आणि ती कोणाच्या हातात होती?

गणितवाले लोक आरपीआयला कायम नाकं मुरडत आले. त्यांचा लाडका क्रॅच, पूर्ण नाव केन्स रेटिंग्ज फॉर अमेरिकन कॉलेज हॉकी. त्यात कल्पना सोपी, प्रत्येक टीमला असा आकडा द्यायचा की २०० वाली टीम १०० वालीशी खेळली तर तीनपैकी दोन मॅच जिंकेल अशी अपेक्षा, आणि सगळ्या सीझनचे निकाल ह्या अपेक्षेशी जुळेपर्यंत आकडे हलवत राहायचे. शेड्यूलची ताकद आपोआप त्यात मुरते, २५-२१-५४ असे हवेतले आकडे लागत नाहीत. एनसीएएने ते अधिकृत कधी घेतलं नाही. पण २०२५-२६ पासून पुरुषांसाठी पेअरवाइज जाऊन एनपीआय नावाचं नवं गणित आलंय, ते थोडं त्या दिशेने सरकलेलं आहे. त्यात प्रतिस्पर्ध्याची नुसती टक्केवारी न बघता त्याचा स्वतःचा एनपीआय बघतात, आता त्याचा एनपीआय परत त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून, म्हणजे गोल गोल, म्हणून कॉम्प्युटर तेच गणित पुन्हा पुन्हा करतो, आकडे स्थिर होईपर्यंत. दोन टीमची समोरासमोर तुलना वेगळी राहिली नाही, एकच आकडा. काही जुने फॅन हळहळले, कारण 'आम्ही तुम्हाला दोनदा हरवलंय' हे तोंडावर फेकायला आता कागदावर जागा नाही. पण भिशीचा प्रश्न होता तसाच आहे, बाहेरचे आठ-दहा सामने वाढले नाहीत की फॉर्म्युला बदलून ते वाढत पण नाहीत.

टीम निवडून झाल्या की त्यांना चार शहरांत चार-चारच्या गटात बसवायचं, आणि इथे मात्र कमिटीला थोडं काम आहे. एक नंबर विरुद्ध सोळा, आठ विरुद्ध नऊ असं ढोबळ धरायचं, पहिल्या फेरीत एकाच कॉन्फरन्सच्या टीम शक्यतो समोर येऊ द्यायच्या नाहीत, आणि एक नियम असा की गटाचं यजमानपद ज्या कॉलेजकडे आहे ते पात्र ठरलं तर त्याला तिथेच खेळवायचं. मैदान नावापुरतं तटस्थ. २०२५ मध्ये मेन युनिव्हर्सिटी, हॉकी ईस्ट जिंकून आलेली, गटात अव्वल, आणि तिला पाठवलं पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला, समोर गटातली चौथ्या नंबरची पेन स्टेट, जी तिथली यजमान. पेन स्टेटने ५-१ ने उडवलं आणि पुढे पहिल्यांदाच फ्रोझन फोरला, म्हणजे शेवटच्या चारात गेली. पेन स्टेटच्या पोरांची चूक काही नाही, ती झकास खेळली, पण सीझनभर घाम गाळून मिळवलेल्या वरच्या नंबरचं बक्षीस म्हणून यजमानाच्या घरी जाऊन खेळा, हे मला आजवर पटलेलं नाही. बायकांच्या टूर्नामेंटमध्ये वरच्या टीमला स्वतःच्या कॉलेजच्या रिंकवर क्वार्टर फायनल मिळते, ते जास्त सरळ आहे, फक्त तिथे विमानाचा खर्च वाचावा म्हणून बसने जाता येईल अशा टीमच्या जोड्या लावायची सवय होती, त्यामुळे त्याच त्या शेजारणी दरवर्षी समोरासमोर.

तटस्थ मैदानाचा उलटा झटका पण बसतो बरं का. २००६ मध्ये मिनेसोटासारखी बलाढ्य टीम ग्रँड फोर्क्सला होली क्रॉसशी खेळली, होली क्रॉस म्हणजे अटलांटिक हॉकीची ऑटो-बिडवर आलेली लहान टीम, आकड्यांनुसार हिला तिथे कामच नव्हतं. पण ग्रँड फोर्क्स हे नॉर्थ डकोटाचं घर आणि तिथल्या लोकांचा मिनेसोटावर पिढ्यान्‌पिढ्यांचा दात, सगळं स्टेडियम होली क्रॉससाठी ओरडायला लागलं. ४-३, ओव्हरटाइम, मिनेसोटा घरी. माझे मिनेसोटाचे ऑफिसवाले मी तिथे असताना हा विषय निघाला की कॉफी आणायला उठायचे.

हे सगळं भाच्याला सांगून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला थांब, आणि कीबोर्डचा आवाज. त्यांच्या टीमचं शेड्यूल उघडून बघत होता. ऑक्टोबरमध्ये मोठ्या टीमच्या घरी जाऊन खेळलेले दोन सामने होते, एक ३-२ ने गेलेला, विजयी गोल शेवटच्या ४० सेकंदांत. ही मॅच कॉलेजने हॉलमध्ये मोठ्या स्क्रीनवर लावली होती, म्हणाला, मला मित्राने बोलावलं पण होतं.

"मग?"

"गेलो नाही ना मामा. म्हटलं ऑक्टोबर तर आहे. कपडे धुवायचे होते."